जराशी ओल

प्रिय चिमणे,

हात थरथरायला लागल्यापासून दाढा काढणं सोडलंय, नुसत्या भरतो. खुर्चीत बसलेला प्रत्येक जुना पेशंट आधी तुझी चौकशी करतो आणि मी "मजेत आहे" असं ठोकून देतो. तुझी खुशाली मला तरी कुठे ठाऊक आहे?

तू डेंटल कॉलेजातून नवीनच माझ्या दवाखान्यात आली होतीस. भरण्याआधी मी नेहमीसारखा हवेचा झोत सोडून दाढ खडूसारखी पांढरी होईपर्यंत वाळवत होतो, आणि तू पेशंटसमोर माझा हात धरलास. इतकं वाळवू नका बाबा, दाताच्या आतले बारीक धागे आडवे होतात, मग चिकटवायचं औषध आत शिरतच नाही. जराशी ओल राहू द्या, म्हणालीस. कालचं पोर मला शिकवतंय, असं मी सगळ्यांदेखत ऐकवलं. माझ्या भरलेल्या दाढा निखळायच्या तेव्हा खापर पेशंटवर फोडायचो, दातांनी अक्रोड फोडता म्हणून.

पुढे वर्षभरात तुझी आई गेली. तू भिंतीला टेकून रडत होतीस आणि मी म्हणालो, पुरे, डोळे कोरडे कर. मला ते रडणं बघवत नव्हतं गं, दुसरं काही नव्हतं. तू बॅग भरलीस. त्याला सहा वर्षं झाली.

हल्ली मी तुझ्याच पद्धतीनं भरतो. दाताच्या निरोगी भागावर ओलसर चकाकी ठेवली की पकड छान बसते. किडलेल्या जागेचं मात्र अवघड. ती आधीच पाणी धरून बसलेली असते, किती ओल ठेवावी याचा अंदाज येत नाही, आणि सगळं नीट केलं तरी पकड कमीच.

परवा पेशंटची जुनी कार्डं आवरताना तुझ्या आईचं कार्ड सापडलं. एकाच दाढेपुढे माझ्या अक्षरात तीन तारखा. तीनदा निखळली, तीनदा मी तिलाच रागावलो. खाली तुझं अक्षर, "ओलसर ठेवून भरली. आई म्हणते, बाबांना सांगू नको." आणि कार्ड ठेवलंत माझ्याच कपाटात! त्यानंतर नोंद नाही. शेवटपर्यंत टिकली ती. मी पेशंटच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडलो, सहा वर्षांचं. आता माझी दाढ मोडलीय, आणि दुसऱ्या कुणापुढे मला तोंड उघडायचं नाही. जागा किडलेली आहे, पकड कमी धरेल, ठाऊक आहे मला. तरी ये, भरून दे.

तुझाच,
बाबा