जेवणाचा प्लॅन आणि नोरीनचं नाव

टोलेडो, ओहायो
४ ऑगस्ट

प्रिय नोरीन,

तुम्ही बऱ्या असाल. आम्ही सगळे मजेत आहोत. आमच्या मेझीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ती बोलायला लागली की समोरच्याने रुमाल हातात ठेवावा. तुमच्या गुडघ्याचं माझ्या भावाकडून, ग्लेनकडून कळतं, ते वेगळं कळवायची गरज नाही.

पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोनवर तुम्ही रडायला लागता आणि मुद्दा राहून जातो, म्हणून.

मुद्दा जेवणाच्या प्लॅनचा आहे. ऑक्टोबरात दरवर्षीप्रमाणे फ्लोरिडाला, त्या थीम पार्कात जायचं ठरलंय. डॅडी गेले, म्हणून यंदा बुकिंग माझ्या गळ्यात. प्लॅन घेतला की सगळ्यांच्या खाण्यापिण्याचे पैसे आधीच भरून मोकळं होता येतं. डॅडी दरवर्षी डोळे मिटून घ्यायचे. म्हणायचे, "पैसे एकदाचे गेले की माणूस मेनूकार्डाची उजवी बाजू वाचत नाही, सुखाने जेवतो." ग्लेनच्या बायकोचं म्हणणं उलट, की त्या उन्हात भूक कुणाला लागते, अर्धं वायाच जातं. म्हणून मी एकेकाचा नीट विचार केला.

ग्लेन तर बकासुरच. त्याच्या मुलांच्या हातात टर्कीची तंगडी नाही असा पार्कातला एक फोटो दाखवा. माझा नवरा बोलत नाही, पण खातो. मेझीला त्या अस्वलाचा वेश घातलेल्या माणसासोबतचा नाश्ता हवाच आहे, आणि तो प्लॅनवर सहज मिळतो. एकूण, प्लॅन आम्हाला मानवतो.

राहिलात तुम्ही. राग मानू नका, पण तुम्ही धड जेवत नाही. सूप मागवता, चार चमचे घेता, आणि मग शेजारच्याच्या ताटातले बटाटे टिपता. तुमच्या वाट्याचं डॅडी खायचे आणि वर "माझी चिमणी ती" म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना काय काय बंद केलं होतं, तो विषय मी काढत नाही.

पार्कचा नियम असा आहे की एका बुकिंगमध्ये जेवढी नावं, तेवढ्या सगळ्यांना प्लॅन घ्यावा लागतो. एकाला वगळता येत नाही. मी तिथल्या बाईला मुद्दाम फोन केला. म्हटलं, "एक वयस्कर बाई आहेत, नुसत्या सुपावर असतात, त्यांचं काय करायचं?" ती म्हणाली, "नाव असलं की प्लॅन आलाच, मॅडम. वेगळी खोली घेतलीत तर गोष्ट निराळी." मी वेगळ्या खोलीचाही विचार केला. पण डॅडी नसताना तुम्ही तिथे एकट्या, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, हे मला बघवणार नाही. तेव्हा यंदा तुम्ही घरी विश्रांती घ्यावी हे उत्तम.

मेझीने विचारलं, "नॅना कुणाशेजारी बसणार?" मी सांगितलं, नॅनाला यायचं नाहीये. थोडी कुरकुर केली, मग विसरली. तुम्ही तिला रोज शाळेतून आणायचात, खाऊ घालायचात, त्याची आम्हाला जाणीव आहे. पण सप्टेंबरपासून ती शाळेनंतर जिम्नॅस्टिकला जाईल, म्हणजे ती धावपळही तुमच्या मागची सुटली. शनिवारी तुमच्याकडे यायचं म्हणत असते. बघू, कसं जमतं ते. तुमच्या वागण्यावर आहे.

सगळ्यांचे एकसारखे शर्ट छापून आलेत. पाठीवर "नोवाक कुटुंब". तुमच्या मापाचा केला नाही.

आता एक लहानसं काम. डॅडींची राख आम्ही पार्कातल्या होडीच्या सफरीत सोडणार आहोत, त्या गुहेत, जिथे थंड हवा लागली की ते घोरायला लागायचे. तिथे बंदी आहे, पण लोक करतात. अंत्यविधीच्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "तेवढं एक माझ्या हातून होऊ द्या." तेव्हा आम्ही कुणी काही बोललो नाही, कारण पाहुणे होते. पण आम्ही त्यांना आमच्या जन्मापासून ओळखतो. तुम्ही त्यांची दुसरी बायको, तुमची ओळख मधलीच.

ग्लेन गुरुवारी येऊन फायरप्लेसवरचा डबा घेऊन जाईल. किल्ली त्याच्याकडे आहे. तुम्ही थांबायची गरज नाही. खरं तर नसलात तर बरं, उगाच रडारड नको.

डॅडींना काय आवडलं असतं, एवढंच आपण पाहायचं.

तुमची काळजी वाहणारी,
डेनीस


टोलेडो
२१ ऑक्टोबर

प्रिय नोरीन,

परवाच परत आलो. सगळं छान पार पडलं. राख मेझीच्या पाठपिशवीत, बिस्किटांच्या डब्यात घालून नेली. लहान मुलांच्या पिशव्या कुणी तपासत नाही. होडी गुहेत शिरल्यावर मी दोन शब्द वाचले, ग्लेन तर हुंदके देऊन रडला. मेझीने स्वतःच्या हाताने शेवटची मूठ सोडली आणि "बाय ग्रँडपा" म्हणाली. एवढा धिप्पाड माणूस आणि राख केवढीशी. माणसाचं असंच असतं.

प्लॅनबद्दल तुम्हाला उत्सुकता असेल. अगदी वसूल झाला. उलट शेवटच्या दिवशी फराळाचा कोटा उरला, म्हणून तिथल्या दुकानातून पाकिटातला खाऊ उचलला. शेजाऱ्यांना, टपाल आणणाऱ्याला, सगळ्यांना वाटला. तुमच्यासाठीही थोडा सोबत पाठवतेय. गोळ्या जरा कडक आहेत, तुमच्या दातांना कितपत झेपतील कोण जाणे. म्हटलं, तुम्हाला अगदीच वगळलं असं वाटायला नको.

मेझी शनिवारचं विचारते आहे. थँक्सगिव्हिंग होऊ दे, मग बघू.

डेनीस


मॉमी गाव, ओहायो
२८ ऑक्टोबर

प्रिय डेनीस,

तुझं पार्सल पोचलं. तुम्ही सगळे सुखरूप परतलात हे वाचून बरं वाटलं. इथे थंडी पडायला लागली आहे आणि गुडघा आहे तसाच आहे.

हे पत्र मी लिहिणार नव्हते. तोंड शिवून बसायचं असं मनाशी पक्कं ठरवलं होतं, मेझीसाठी. तुझ्या हातात माझे शनिवार आहेत, हे तू ऑगस्टमध्येच स्पष्ट केलं होतंस. मी काही इतकी मंद नाही.

तू सांगितलंस तशी त्या गुरुवारी मी घराबाहेर गेले. चर्चमध्ये जुने कपडे निवडत बसले. परत आले तर फायरप्लेसवरचा डबा नाही. तो गसचा होता, डेनीस. आमच्या कुत्र्याचा. तू जेवायला आलीस की ज्याला गॅरेजमध्ये कोंडायला लावायचीस, तो. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याची राख त्या लाकडी डब्यात घालून दिली होती. डब्याच्या तळाला त्याच्या पंजाचा ठसा आहे. तुमच्यापैकी कुणी डबा उलटा करून पाहिला नाही.

वॉल्टर माझ्या कपाटात होता, चपलांच्या वरच्या फळीवर, क्रिमेटोरियमवाल्यांच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत. त्यानेच सांगितलं होतं, "मला दिवाणखान्यात ठेवू नकोस, नोरीन. आल्यागेल्याशी बोलावं लागेल." मी घरी असते तर ग्लेनच्या हातात बरोबर पेटी दिली असती. खरंच दिली असती. मला वाईट वाटलं असतं, पण दिली असती. तुम्ही त्याची मुलं आहात.

त्याच दिवशी मी तुला फोन लावला. तुझ्या आवाजातला निरोप ऐकला आणि ठेवून दिला. मग म्हटलं, डबा मिळाला, एवढं सांगायला तरी दोघांपैकी कुणी फोन करेल, तेव्हा सांगू. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. कुणी केला नाही. शर्ट घालून तुम्ही विमानात बसलात त्या दिवशी मी मफिन भाजले आणि खूप हसले. तशी मी चांगली बाई नाहीच. तुझं बरोबर होतं.

पण मेझीने तुझ्या फोनवरून चोरून मला फोन केला. म्हणाली, "नॅना, ग्रँडपा पाण्यात गेला, मी त्याला टाटा केलं. तो बुडतो का गं?" मी म्हटलं, "नाही बाळा, तरंगतो." त्यानंतर मी ठरवलं की हे माझ्याबरोबरच संपेल. तुझे दोन शब्द, ग्लेनचे हुंदके, सगळं मी पोटात घातलं असतं.

मग तुझं पार्सल आलं. टपालवाल्याला देऊन उरलेला खाऊ.

तुझ्या प्लॅनबद्दल दोनच गोष्टी. मी सूप प्यायचे, कारण ग्लेनची पोरं त्यांचा कोटा पहिल्या दोन दिवसांत उडवायची आणि नंतर माझ्या नावावर खायची. भावाला विचार. आणि डॉक्टरांनी वॉल्टरला जे बंद केलं होतं, त्यात पहिलं नाव खारवलेल्या सॉसेजचं होतं. दर रविवारी ते घेऊन कोण यायचं, तो विषय मीही काढत नाही.

काल सकाळी मी वॉल्टरला सोडून आले. एकटीच गेले. आठ महिने त्या कपाटाचं दार उघडताना मी त्याला "मॉर्निंग" म्हणत होते, आज तोंडातून निघालं आणि मग आठवलं. कुठे सोडलं ते सांगणार नाही. तू विचारशील, ग्लेनला पाठवशील, कदाचित वकिलाकडेही जाशील. खुशाल जा, पेटी धुऊन पालथी घातली आहे.

मेझीला काय सांगायचं ते आता तुझं तू बघ. खोटं सांगितलंस तर दरवर्षी त्या होडीत बसून तिच्याबरोबर कुत्र्याला टाटा करावा लागेल. खरं सांगितलंस तर नॅनाने असं का केलं ते विचारेल, आणि मग तुला पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल. शनिवार माझे गेले, हे मला कळतं. ती मोठी होऊन स्वतःच्या पायाने माझ्या दारात आली आणि तोवर मी असले, तर तिला ती जागा दाखवीन. तुला नाही.

वॉल्टर नोवाकची बायको,
नोरीन