पालनकर्तीचं नाव

आई,

"पोर म्हणजे वाटीभर साखर नव्हे, कुणी मागितली म्हणून द्यायला." हे तू आत्याला म्हणालीस तेव्हा मी ओट्याशेजारी बसून लसूण सोलत होते. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आत्याला मूल नव्हतं, घर मोठं होतं, आणि ती काही वावगं बोलली नव्हती. "वहिनी, तुमची नोकरी, ही एवढीशी. आमच्याकडे राहिली तर तुम्हालाही जरा उसंत," एवढंच. तू तव्यावरची पोळी उलटलीस. आत्या चहा न घेता गेली. त्याच सुमाराला आपलं घर तुझ्यामाझ्या नावावर झालं आणि कागदावर माझ्या नावापुढे 'अज्ञान' असं छापून आलं. मी भडकले. मला एकोणतीसचा पाढा येतो, मी अज्ञान कशी? "कागदाच्या लेखी अठरापर्यंत सगळेच अज्ञान," तू म्हणालीस, "पुढचं वाच की. पालनकर्ती आई."

हे आता आठवतंय, कारण आम्ही दोघं मृत्युपत्र करतो आहोत. पुण्यात लग्न आहे, आम्ही दोघंच जाणार आणि लेक शाळेसाठी इथे हॅम्बर्गला राहणार. एकाच विमानात दोघं बसणार म्हटल्यावर मला ते सुचलं. वकीलबाईंनी सांगितलं, टाइप केलेलं चालत नाही, पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत सगळं आपल्या हातानं लिहायचं, नवराबायकोपैकी एकानं लिहून दुसऱ्यानं खाली सही केली तरी चालतं. फ्लॅट, पैसे, दवाखान्यात नळ्या लावून किती दिवस ठेवायचं, हे सगळं एका दुपारी ठरलं. भांडणसुद्धा झालं नाही. मग 'फॉरमुंड' आला. आम्ही दोघंही नसलो तर लेकीचा पालनकर्ता कोण. "तुम्ही नाव दिलं नाहीत तर कोर्ट ठरवेल," बाई म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

नवरा म्हणाला, "दादा-वहिनी. त्यात विचार कसला?" त्याच रविवारी फोनवर जाऊबाईही म्हणाल्या, "अगं, द्या की पाठवून, आम्हाला काय ती जड आहे?" मनापासून म्हणाल्या. लेक शेजारी बसून टोस्ट खात होती. "इश ब्लाइबे हिअर," ती म्हणाली. मी इथेच राहणार. फोन ठेवल्यावर तिनं, जर्मनमध्येच, विचारलं, "तुम्ही मेलात तर वर शाळाही बदलायची? सगळं एकदमच?" बारा वर्षांची आहे ती. मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. तिची भाषा ती.

मग मी खालच्या मजल्यावर गेले. तिथे लेकीच्या मैत्रिणीची आई राहते. आमच्या गैरहजेरीत लेक तिच्याकडेच राहणार आहे. तू मागायला आलेल्या आत्याला परत पाठवलंस, आणि मी न मागणाऱ्या बाईच्या दारात उभी राहून विचारलं, आमचं काही झालं तर हिला ठेवून घेशील का? तिनं आधी विचारलं, "तिला रोज भात लागतो का?" मग म्हणाली, "आठवडाभर विचार करते." मला राग आला. आपल्याकडे कुणी असा वेळ मागत नाही. शनिवारी ती वर आली. "हो. करेन. पण हे बघ, इतक्यात मरू नका, माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या बुक झाल्यात." आम्ही दोघी हसलो. तो आठवडा तिनं खरोखर विचारात घालवला होता, हे मला ती जिना उतरून गेल्यावर कळलं.

काल मी तिचं नाव लिहिलं. नवऱ्यानं वाचलं, "दादाला सांगणार कोण?" म्हणाला आणि सही केली. दादांना अजून कुणीच सांगितलेलं नाही.

लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. तू आत्याला नाही म्हणालीस, आणि तरी पुढच्या प्रत्येक मे महिन्यात मला महिनाभर तिच्याकडे धाडलंस. मी रडायचे. "सवय असू दे," तू म्हणायचीस. कसली सवय ते कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, तुला सुट्टी हवी असते. आत्याच्या घरी माझी उशी होती, पितळी पेला होता. तिच्या स्वयंपाकघरात डोळे मिटून मला मीठ सापडायचं. काही झालं असतं तर कुठे जायचं, हे तू मला न सांगता शिकवलं होतंस, आणि आत्यालाही न कळू देता. ती शेवटपर्यंत तुझ्यावर रुसलेली राहिली.

तू गेलीस, हे पत्र आता कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे विचारते. तेव्हा तुझ्या मनात आत्याच होती ना? एकदा हो म्हण. तू म्हणणार नाहीस, पोळी उलटशील.