नऊची घंटा

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. हे शिवणवर्गातून लिहिते आहे. घरी फोन सासूबाईंच्या कानाशी असतो. गोळ्या नेमाने घेते का विचारलंस. नाही. परवा पुन्हा चुकली. धान्याच्या डब्यात लपवल्यात, आणि सासूबाई दिवसभर स्वयंपाकघरातच. ह्यांचं बरं आहे. ट्रकमध्ये खातात, डोकेदुखीची म्हणून खपते. एचआयव्ही त्यांनी आणला, लपवायचं काम माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, असे खाडे पडले तर औषध लागू पडायचं नाही. पण सासूबाईंना कळलं तर मी आणि माझी ट्रंक रस्त्यावर.
लोभ असावा. उत्तर घरी पाठवू नये.
तुझी धाकटी

१९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ. त्यातच चार शिव्या धर. आमचा दवाखाना आम्ही धंद्यातल्या बायकाच चालवतो. पूर्वी इथेही गोळ्या उशीत, नाहीतर चोळीत. मग घंटा बांधली. सकाळी नऊला वाजली की गल्लीतली प्रत्येक बाई दारात येऊन गोळी गिळते. कोणी ह्या आजाराची, कोणी नुसती ताकदीची. डब्या सगळ्यांच्या सारख्या. मी कोणती घेते ते तुलाही सांगणार नाही. निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला साऱ्या गल्लीत दार बंद. तुमच्याकडे त्याला पहिलं ताट.
तुझ्या घरात गोळी न खाणारं आहे कोण? सासऱ्यांची साखर, सासूबाईंचं ब्लडप्रेशर. सगळ्यांची वेळ एक कर. नाहीतर मीच येऊन तुझ्या दारात घंटा वाजवीन. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तू बघ.
जिवाला खाऊ नकोस, गोळी खा.
तुझी ताई

३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. घंटेऐवजी नऊच्या बातम्या लावते. सासरे कुरकुरले, हे घर आहे की इस्पितळ म्हणाले, पण पाण्याचा ग्लास घेऊन बसले. माझी गोळी ताकदीची म्हणून सांगितली.
मंगळवारी सासूबाईंनी माझी गोळ्यांची बाटली उचलली, तिच्यावरचं नाव कागदावर उतरवलं आणि औषधांच्या दुकानात जाऊन आल्या. मी ट्रंक भरून ठेवली.
आज सकाळी त्यांनी स्वतःच्या डबीसारखीच नवी डबी माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, बाटलीवर नाव असतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला डोळे असतात. मग मुलाला फोन लावला. त्याला जे ऐकवलं ते तुमच्या गल्लीतही खपलं नसतं. फोन ठेवून मलाच दरडावलं की बातम्या संपत आल्या, तू बसलीस काय अशी.
ट्रंक अजून उपसली नाही. हात धजत नाही. उद्या बघू.
लोभ आहेच. उत्तर घरी पाठवलंस तरी चालेल.
तुझी धाकटी