रिकामी गव्हाण

६ जानेवारी

धाकटे,

सलाम. तू बरी असशील असं धरून चालते. आम्ही ठीक आहोत. कपड्यांच्या कारखान्यात मी अजून बाह्याच जोडते. तुझ्या खोलीची फुटकी काच काल एकदाची बसवून घेतली. शेजारीण अजून तुझी चौकशी करते आणि मी तिला दर वेळी नवी थाप मारते. गेल्या खेपेला तुला जुळी झाली.

तुझं पार्सल चोवीस तारखेला मिळालं. आत चार शब्दांची चिठ्ठी नाही, नुसतं लाकडी बाळ, मोज्यात गुंडाळलेलं. अकरा वर्षांपूर्वी भांडून निघालीस तेव्हा बाबांनी गव्हाणीतून हेच येशूबाळ काढून तुझ्या पिशवीत कोंबलं होतं, नाताळला परत आण म्हणून. तेव्हापासून दर नाताळला त्यांनी घडवलेला गोठा मांडायचा, मेंढरं पुसायची आणि मधे गव्हाण रिकामी. लोक हसायचे. एकदा मी बाजारातून प्लास्टिकचं बाळ आणलं, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

बाळ पोस्टाने आलं म्हणजे तू येणार नाहीस, हे मला लगेच कळलं. खरं सांगू? बरं वाटलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं मी करायचं आणि त्यांचा कान मात्र दाराकडे. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी बाळ त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "ती येणार नाही. आता तरी आशा सोडा."

त्यांनी ते बोटांनी चाचपलं. पार्सलवर तिचा पत्ता आहे का, विचारलं. मी हो म्हटलं.

"म्हणजे जिवंत आहे," ते म्हणाले आणि रडले. मग रविवारच्या शाळेतल्या पोरांना शिकवायचे तसं मला शिकवू लागले. आपल्या मनासारखं होईल असं वाटणं म्हणजे आशा नव्हे. देवाने शब्द दिलाय आणि तो पाळतो, एवढ्यावर विसंबून दार उघडं ठेवायचं. प्रभू जन्मला तेव्हा तरी कोण तयार होतं? "तिला लिही, ये म्हणावं. इतकी वर्षं एकटा होतो, आता नाही."

एकटा. मी तिथेच उभी होते, त्यांचं बेडपॅन हातात घेऊन.

पत्र लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं आणि टाकलं नाही. ते रोज विचारायचे. टाकलंय, बाबा, पोस्टच उशीर करतंय, असं मी सांगायचे. बाळ गव्हाणीत ठेवू देईनात, तूच ठेवायचंस म्हणे. दहा दिवस जिन्यात पाऊल वाजलं की मान उचलायचे. दूधवाल्यालाही "आलीस?" म्हणून झालं. मी शेजारी बसून बघत होते. कधीतरी थकतील आणि माझ्याकडे वळतील, असं मला वाटत होतं. वळले नाहीत. परवा सकाळी म्हणाले, "तिच्या खोलीत गार वारा येईल, काच बसवून घे." त्यानंतर काही बोलले नाहीत. दुपारी गेले.

वर 'आम्ही' लिहिलंय ते सवयीने.

पार्सलवरचा पत्ता पाहिला. एका दिवसाचा प्रवास आहे. पत्र वेळेवर टाकलं असतं तर तू त्यांना भेटली असतीस. हे तुला कळावं म्हणूनच लिहितेय.

बाळ मी त्यांच्या शवपेटीत ठेवणार होते, पण ठेवलं नाही. मुठीतून सोडवताना त्यांची दोन बोटं मला उलगडावी लागली. तुला परत पाठवतेय, त्याच मोज्यात. गव्हाण माझ्याकडे आहे.

तुझी वाट न पाहणारी,
ताई