बुजगावण्याचं शेवटचं पान

ती. शरयूताईस,

धाकट्या गंगाधरचा वाकून नमस्कार. (पत्रातच वाकायचं आहे म्हणून जमलं, एरवी कंबर अजून धरलेली आहे.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? विश्रामबागेतल्या नव्या डॉक्टरांनी दिलेले व्यायाम ते करतात, की तू स्वयंपाकघरातून डोकावलीस की तेवढ्यापुरते करतात? भार्गवीची परीक्षा संपली असेल, तिला आशीर्वाद. फोन का केला नाही असं तू विचारशील. ताई, फोनवर तू मध्येच बोलतेस. शिवाय मी जे सांगणार आहे ते ऐकून तू गप्प झाली असतीस, आणि तुझ्या गप्प बसण्याची मला लहानपणापासून भीती वाटते.

होळीच्या सुमारास मी तुला एक गोष्ट पाठवली होती, सांगलीच्या दिवाळी अंकासाठी टाईप करून घ्यायला. बुजगावण्याची. शाळूच्या रानात एक बुजगावणं असतं, सगळी पाखरं त्याला भितात. एक चिमणी धीर करून त्याच्या डोक्याच्या मडक्यावर जाऊन बसते, मडकं पोकळ निघतं, आणि मग पाखरं मिळून त्याला पाडतात. त्या काठीवर यापुढे कुणी बसायचं नाही अशी शपथ होते. पुढे टेहळणीसाठी म्हणून कावळा काठीवर बसतो. थंडी पडते म्हणून सदरा घालतो. ऊन लागतं म्हणून मडकं डोक्यावर घेतो. शेवटच्या पानावर लहान पिल्लं त्याला पाहून पळायला लागतात, तेव्हा म्हातारी झालेली तीच चिमणी पुन्हा उडते आणि मडक्यावर जाऊन बसते. (तू कळवलं होतंस, ‘बरी आहे, शुद्धलेखन तपास.’ तेवढ्यावर मी आठवडाभर खूश होतो.)

ही गोष्ट मला कुठून सुचली ते मात्र तुला सांगितलं नव्हतं. आमच्या गावात पाणी संस्था आहे, नदीचं पाणी मोटारीनं उचलून पाइपातून शेताशेताला देणारी. जुन्या चेअरमनच्या काळात पाइपाच्या तोंडापाशी असलेली त्यांची शेतं डुंबायची आणि शेवटची रानं कोरडी राहायची. सहा वर्षांपूर्वी लालासाहेब उभे राहिले. काय माणूस होता तो, ताई! शेवटच्या शेताला पाणी पोचल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही, असं चावडीसमोर म्हणाले आणि अख्खा उन्हाळा अनवाणी हिंडले. मी वर्गातली पोरं सोडून त्यांचं भाषण ऐकायला जायचो. आणि हरणाबाई नावाची पासष्टीची बाई, तिचं वीस गुंठे रान अगदी शेवटाला, ती मुख्य पाइपाच्या व्हॉल्व्हवर तीन दिवस बसून राहिली. चेअरमनची माणसं आली, पोलीस आले, पण बाई हलली नाही. तिसऱ्या दिवशी चेअरमन पडले, खुर्चीवर लालासाहेब आले. पाणी शेवटापासून वर द्यायचं ठरलं, ते हरणाबाईच्या रानात पोचलं, फोटो निघाला आणि लालासाहेबांनी चप्पल घातली. त्यानंतर पाणी काही पुन्हा तिथवर पोचलं नाही. चपला मात्र दरवर्षी नव्या येतात. आता पाणी लालासाहेबांच्या रानापासून सुरू होतं, तक्रार केली की पाण्याची पाळी बंद होते, आणि चेअरमन पडले तो दिवस ‘परिवर्तन दिन’ म्हणून मांडव घालून साजरा होतो.

तर गोष्ट मी पहिल्यांदा हरणाबाईला माझ्या ओट्यावर वाचून दाखवली. तिला अक्षर वाचता येत नाही, पण ऐकते अशी की वाचणाऱ्यालाच घाम फुटावा. यंदा अक्षयतृतीयेला तिनं आलं लावलंय आणि ते पाण्यावाचून जळायला लागलंय. ती म्हणाली, “गुरुजी, आमी सरळ बोललो की पाळी बंद करत्यात. गोष्टीची पाळी कशी बंद करतील? परिवर्तन दिनाला वाचा.” मला ते पटलं. पटायला नको होतं, पण लेखकाला कुणी वाच म्हटलं की त्याचं काय होतं ते तुला माहीत आहे. लालासाहेबांकडे निरोप गेला की गुरुजींनी तुमच्यावर गोष्ट लिहिलीय. आता आपल्यावर कुणी लिहिलंय म्हटल्यावर ते चांगलंच असणार, अशी इथल्या मोठ्या माणसांची समजूत असते. त्यामुळे वाचून बघायची गरज कुणाला वाटली नाही, आणि माझ्या फोटोचा फ्लेक्स माझ्या घराहून मोठा लागला.

शेवटचं पान आधी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी ते घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. पण आपल्याकडे सत्कार आधी आणि कार्यक्रम नंतर, हे मी विसरलो. व्यासपीठावर चढलो तर लालासाहेबांनी स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला. मग शाल पांघरली, नीट, आईनं पोराला पांघरावी तशी. नारळ दिला, गुच्छ दिला आणि माझ्या पाया पडले! चार हजारांच्या गावात मुंगी हलायची असेल तरी ज्याला विचारते तो माणूस माझ्या पाया पडला. ताई, मी चाळीस वर्षं पोरांना लोकशाही शिकवली, पण त्या क्षणी माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि तो रागाचा नव्हता.

समोरच्या टेबलावर पानं मांडून मी वाचायला लागलो. कावळ्यानं सदरा घातला तशी मांडवात कुजबुज थांबली. मडकं डोक्यावर घेतलं तेव्हा मी चोरून लालासाहेबांकडे पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते नाटक नव्हतं. “आवं, उन्हातान्हात एकटाच हुबा हाय बिचारा,” असं ते शेजारच्याला म्हणाले आणि पहिल्या चार रांगांनी डोळे पुसले. मी थक्क झालो. ज्याला टोचावी म्हणून लिहिली तो तीच गोष्ट अंगाला लावून ऊब घेत होता. एवढी ताकद माझ्या लेखणीत कधी नव्हती, त्यांच्या रडण्यात होती. आता शेवटचं पान. ते खिशात, खिसा शालीखाली, एका हातात गुच्छ, दुसऱ्यात नारळ. पान काढायचं तर सगळ्यांसमोर शाल उतरवावी लागली असती. मी ती उतरवली नाही. “गोष्ट संपली,” म्हणालो. टाळ्यांनी मांडव हलला.

टाळ्या थांबल्यावर अगदी मागून हरणाबाई उठली. “गुरुजी, गोष्ट लय ग्वाड झाली. पर चिमणी कुटं गेली?”

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “उडून गेली.” हरणाबाई खाली बसली. घरी येऊन मी ते पान फाडून टाकलं.

बाकी सर्व क्षेम. हे सगळं सहजच लिहिलं, मनावर घेऊ नकोस.

तुझा,
गंगाधर

ता. क. एक सांगायचं राहिलं. तुझ्याकडे पाठवलेल्या प्रतीत ते शेवटचं पान आहे. ते टाईपला देऊ नकोस, फाडून टाक. गोष्ट त्याच्याशिवायही पुरी वाटते, चार हजार लोकांना वाटली. (दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेची दोन माणसं येऊन माझ्या परसात थेट नळी जोडून गेली. मी मागितली नव्हती. नको असंही म्हटलं नाही. मोगऱ्याला कळ्या धरल्या आहेत.)

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात हरणाबाई आली. परसातली नळी वाहत होती. तिनं वाकून नळीखाली हात धरला, तोंड धुतलं, पदरानं पुसलं. मी खाली बघत उभा राहिलो. मग म्हणाली, शुक्रवारी मी व्हॉल्व्हवर जाऊन बसणार हाय, नात शिवांजली संगं येणार हाय, ती त्ये पान मोठ्यानं वाचंल. पान द्या. मी सांगितलं की फाडलं. तिला राग आला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतंय. म्हणाली, मला सगळं तोंडपाठ हाय, पर माझ्या तोंडचं त्ये ‘म्हातारीचं काय’ म्हणून सोडून देतील. तुमच्या हातचं पायजे.

तेव्हा ताई, फाडू नकोस. फाडलं असलंस तर तुकडे जोडून बघ. फोटो नको, पानच कुरियरनं पाठव, शुक्रवारच्या आत. खाली माझं नाव घातल्याचं आठवत नाही. नसेल तर तसंच पाठव, सही मी इथे करतो.