कमळीच्या लग्नाले मी काऊन येत नाई

मु. मार्कंडा, जि. चांदा
माघ वद्य पंचमी, सन १९५७

चि. सौ. रंभीले थोरल्या बहिनीचा उजव्या हातानं आशीर्वाद. (डाव्याची कथा खाली आहे.) कुरखेड्याले सारे खुशाल असतीन, जवाईबापूचा गुडघा आता वाकत असन, अन् लेकीच्या लग्नाच्या नावानं तू धा वेळा रडून मोकळी झाली असशीन.

लग्नाची चिठ्ठी भेटली. पन माहं येनं होत नाई. आपल्या घरच्या रीतीनं मावशीले दोन्ही हातानं नवरीचं बाशिंग बांधा लागते, अन् नागपूरच्या आपरेशनापासून माहा डावा हात खांद्याच्या वर जात नाई. एका हातानं बांधलेलं बाशिंग कमळीच्या नाकावर येईन, अन् नवरदेव जन्मभर मले नाव ठेवीन.

नर्सबाईनं निघताना बजावलं होतं का छाती काढली म्हनून हात कुशीत धरून बसाल तं तो तसाच आखडन. भिंतीवर बोटं चढवा, दोर ओढा, आपले केस आपन विंचरा. पन घरात आयकते कोन? मी तांब्या उचलला का तुहे भाऊजी धावत येते. शेजारची गुणाबाई सकाळीच केस विंचराले हजर, अन् विंचरता विंचरता चुलतसासूची गोष्ट सांगते, का तिनं आपरेशनानंतर हात वर केला अन् बाई मेली. (काहानं मेली विचारलं तं म्हने, चार वर्सानं, हगवनीनं.)

शेवटी मागच्या महिन्यात एक दिवस घरी कोनी नाई पाहून मी गोठ्यातला दोर छपराखालच्या आडव्या मयालीवरून टाकला अन् दोन टोकं दोन हातात धरले. उजव्यानं खाली ओढलं का डावा वर जाते. दुखते असं का डोळ्यातून पानी येते, म्हनून दार लोटून घेतलं. तेवढ्यात गुणाबाई ताक मांगाले आली अन् तिनं फटीतून पाह्यलं. दार बंद, मयालीवर दोर, अन् खाली मी रडून राह्यली. तिनं जी बोंब ठोकली ती वैनगंगेच्या पल्याड गेली असन. घडीभरात अर्धं गाव आंगनात. नथ्थू कोतवालानं दार तोडलं (ते नुसतं लोटलेलं होतं, पन त्याले तोडाचीच हौस), मुखरू सुतारानं दोर कापला, अन् साऱ्या बाया मले समजावाले लागल्या का जीव लाखमोलाचा असते. मी म्हटलं, थांबा व, वीस करायचे आहेत, चौदाच झाले. तं त्या आनखीन रडाले लागल्या, त्याईले वाटलं डोकंच गेलं.

तुहे भाऊजी वावरातून पळत आले, हातात उपटलेल्या लाखोरीची मूठ तशीच. नागपूरले या मानसानं डोळ्यातून टिपूस काढला नव्हता. त्या दिवशी चारचौघात खाली बसले अन् म्हने, "तुहा हात नाई उठला तरी चालते. मी चार हाताचं काम करीन. पन तू अशी जाऊ नोको."

खोटं काऊन सांगू, रंभे, मीबी रडली. मंग नर्सबाईचं सारं समजावून सांगतलं. आता दोर तेच बांधून देते अन् समोर बसून मोजते. दया आली का बारावरून एकदम सतरावर जाते, अन् मले भांडा लागते. गुणाबाई फनी माह्या हाती देते अन् डोळे मिटून देवाचं नाव घेत बसते.

तं असं आहे. मावशीच्या जागी दुसरी कोनी उभी कर. मी वाईट मानत नाई.

तुही बाई,
सुगंधा

ता. क. हात कानाच्या वर जाते. काल बुचडा मीच बांधला. बाशिंगबी बांधता येते. ते वरचं खोटं लिवलं.

ता. क. खरं असं का हळदीच्या दिवशी साऱ्या बाया एकाच न्हानीत आंगावर पानी घेतीन, अन् माही डावी बाजू सपाट आहे. चोळीत धानाची पुरचुंडी ठेवून पाह्यली, तं भर बाजारात ती फुटली अन् कोंबड्या घरापर्यंत मागं आल्या. तू एक चोळी शिवून ठेव, डावीकडे आतून खिसा कर. कापूस मी आनतो.

ता. क. आजवर मी कोनाले दाखवलं नाई, तुह्या भाऊजीलेबी नाई. हळदीच्या दोन दिवस आधी येतो. न्हानीचं दार लावून तू एकटीनं माह्या आंगावर पानी घाल. लहानपनी तुह्या आंगावर मीच घातलं आहे. तू पाह्यलं अन् नजर नाई वळवली, तं साऱ्याईच्या समोर तुह्या पोरीले मीच न्हाऊ घालतो.