चाळीस कोऱ्या साक्षी

७ जुलै
पोचले एकदाची! विमान पाण्यावर उतरलं तेव्हा मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते. पण खाडीच्या तोंडाशी तीन अस्वलं गाईंसारखी निवांत चरताना दिसली आणि भीती कुठल्या कुठे पळाली. रानातल्या जनावरांच्या फिल्ममध्ये नोकरी, आणि तीही या दिवसांत! फिल्मशाळेतल्या माझ्या निम्म्या वर्गाने कॅमेरे विकून टाकलेत. आईला अजून वाटतं की मी थापा मारते आहे.

तळ म्हणजे एक लाकडी खोली, दोन तंबू आणि भोवती अस्वलं अडवायला विजेची तार. नदी खाली शंभर पावलांवर. माणसं दोनच, मी आणि ऑर्विल. त्याने तीस वर्षं खांद्यावर कॅमेरा वाहिला. आता गुडघा गेलाय, काठी घेऊन चालतो. मी मिस्टर स्टॅन्टन म्हणून हाक मारली, तर म्हणाला, ते माझे वडील, आणि ते वारले, त्यांना कशाला त्रास देतेस. जेवायला भाजलेला सामन मासा आणि पायलट ब्रेड, म्हणजे खलाशांची दगडासारखी कडक बिस्किटं. मी चार खाल्ली.

८ जुलै
काम असं आहे. नदीकाठी खांबांवर कॅमेरे लावलेत, एक खोलीच्या छपरावर आहे. काय टिपायचं आणि कसं जोडायचं हे खोलीतला संगणक ठरवतो. ऑर्विल त्याला ‘साहेब’ म्हणतो. अडचण एवढीच की साहेबाला न घडलेलंही हुबेहूब रंगवता येतं, आणि त्या बनावट अस्वलांना लोक विटले. म्हणून आता नियम आला: प्रत्येक दृश्याला माणसाची साक्ष हवी. ‘हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं’, खाली सही. आमच्या धंद्यात माणसाला उरलेलं काम हे एवढंच. मोसमभर टिकले तर पुढच्या वर्षी खरा कॅमेरा हातात देऊ, असं कंपनीने लिहून दिलंय. त्यासाठी मी अस्वलाबरोबर एका ताटातही जेवेन.

दुपारी ऑर्विलने साक्षींचं पुस्तक पुढे सरकवलं. चाळीसच्या चाळीस कोऱ्या पानांवर सह्या करून मोकळी हो म्हणाला. काठावर बोटं गारठतात, पावसात शाई पसरते, त्यामुळे सगळेच साक्षीदार पहिल्या दिवशी सह्या उरकतात. मला जरा खटकलं. पण नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी शहाणपण कुठे पाजळायचं! केल्या. त्याने पानं साहेबाच्या यंत्रातून सरकवली आणि चहा टाकला.

११ जुलै
ल्यूबामावशी होडीतून सामान घेऊन आली. खाडीपलीकडच्या गावातली, या किनाऱ्यावर लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणतात. माझे कोरे बूट बघून तिने विचारलं, लग्नाला निघालीस का गं? मग ऑर्विल सांगू लागला की फाटक्या कानाची अस्वलीण उद्या पिल्लांना धबधब्यावर आणेल. मावशीने त्याच्या हातावर चापट मारली. त्यांच्या घरात अस्वलाचं उद्याचं कुणी बोलत नाही, त्याला ऐकू जातं. ऑर्विल म्हणाला, अस्वल ऐकतं गं, पण हा साहेब काही केल्या ऐकत नाही. तिघंही हसलो.

१३ जुलै
सकाळी साहेबाची दृश्यं तपासली. एकात एक मोठा नर फाटक्या कानाच्या अस्वलिणीचं धाकटं पिल्लू मारतो. दुभंगलेल्या खडकापाशी. खाली माझी सही.

मी असं काही पाहिलेलं नाही. खडकापाशी गेले, तर दोन्ही पिल्लं आईच्या पाठीवर चढाओढ करत होती. ऑर्विल म्हणाला, साहेबाने दोन दृश्यांमधली फट मनाने बुजवली असेल, तो बुजवतोच, सोडून दे.

१४ जुलै
दुपारी दोन वाजता, दुभंगलेल्या खडकापाशी, मोठ्या नराने धाकटं पिल्लू मारलं. मी तिथे उभी होते. अस्वलिणीने मान वळवली तीसुद्धा दृश्यातल्यासारखीच. आमच्या धंद्यात मध्ये पडायचं नसतं, पडले नाही.

१७ जुलै
परवा नवं दृश्य आलं. नदीच्या वळणावर गरुड पंख मोडून पाण्यात पडतो, समुद्राकडे वाहून जातो. सही माझीच. मी दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाही. ऑर्विल दोन्ही दिवस जाऊन आला, गरुड फांदीवर ठणठणीत. मला म्हातारीसारखी घाबरतेस म्हणून चिडवलं.

आज गेले. झाडाखाली पोचून वर बघितलं, त्या क्षणी तो पडला. ना वारा, ना दुसरा पक्षी.

म्हणजे ते माझ्यासाठी थांबलेलं असतं. मी बघितलं की घडतं. मी नाही बघितलं तर नाही.

१८ जुलै
रेडिओवरून कंपनीला सह्या रद्द करा म्हणून सांगितलं. तिकडच्या बाई गोड बोलल्या. एक सही परत घेतलीस तर चाळीसच्या चाळीस खोट्या ठरतील, मग कॅमेऱ्याला जन्मात कुणी हात लावू देणार नाही. बघ, विचार कर.

मी विचार केला. लाज वाटते लिहायला. दिवसभर केला. पिल्लू काय, गरुड काय, रानात मरतच असतात, असंही मनाशी म्हणून पाहिलं. मग संध्याकाळी पुस्तक चुलीत घातलं. साहेबाकडे सगळ्या सह्या होत्याच.

१९ जुलै
एकोणीस सेकंदांचं दृश्य. छपरावरच्या कॅमेऱ्यातून. काठावर ऑर्विल, मोठा नर काठच्या झुडपातून येतो. आवाज नाही. ऑर्विलची काठी पडते. तो वर खोलीकडे बघतो.

पुढचं लिहीत नाही.

त्याला दाखवलं. त्याने ते दोनदा पाहिलं. मग म्हणाला, माझी चांगली बाजू आली नाही.

२० जुलै
नदीकडच्या खिडकीला घोंगडी ठोकली. पाणी आणायलाही गेले नाही. दृष्टीआड सृष्टी. मी बघायचंच नाही, बस्स. मावशीला रेडिओवर सगळं सांगितलं. ती हसली नाही. उद्या चारच्या भरतीला येते म्हणाली, सामान सोडा आणि निघा. ऑर्विलची बंदूक माझ्या मांडीवर आहे. तो कुरकुरतोय, तीस वर्षं अस्वलांत काढली आणि आता एका चित्राला भिऊन लपायचं? मी पाया पडायची बाकी राहिले. मला तो हवाय. नोकरी गेली खड्ड्यात.

२१ जुलै
दुपारी ३.३०. दोन्ही पिशव्या दाराशी. ऑर्विल बूट चढवतोय. होडीचा दोर धरायला कुणीतरी काठावर हवंच. मी जाते म्हटलं. तो म्हणाला, तू तिथे असलीस तर बघशीलच ना पोरी.

खरं आहे ते.

३.५०. रेडिओवर मावशी. धुकं आहे, खाडीच्या तोंडाशीच अडकली, अर्धा तास लागेल. ऑर्विलला थांब सांगायला वळले तर —

गेला. मी बोलत असताना. काठी घेऊन. बंदूक इथेच.

दारातून हाक मारली, डोळे घट्ट मिटून. काठावरून ओरडला, ठीक आहे, आत बस. आत आले. घोंगडीकडे पाठ करून बसलेय. लिहीत राहायचं. लिहिताना माणूस कागदाकडेच बघतो.

४.०५. तो शीळ घालतोय. मला कळावं म्हणून. शीळ आहे तोवर तो आहे.

४.१०. आहे.

४.१२. थांबली —

बोलतोय. हळू आवाजात. माणसाशी बोलतो तसं नाही. अस्वल जवळ आलं की बोलायला त्यानेच मला शिकवलंय —

मी नाही बघणार मी नाही

हाक मारली. माझं नाव. टिल्डा, बंदूक — काठी पडल्याचा आवाज दगडांवर — परत हाक —

नाही बघितलं तर ते घडायचं नाही. पण मग हा आवाज कसला? गरुड तर — पिल्लू तर — मला कुठे नक्की माहीत आहे? मीच ठरवलं ना ते? आणि मी इथे बसून —

डोळे मिटून नेम धरता येत नाही

तो रडतोय

ऑर्विल, आले, मी उठले आहे, दार —